अहवालात न सापडणारा आकडा

दोस्तांनो, स्नेहसंमेलनातला सगळ्यात कंटाळवाणा कार्यक्रम कोणता? डोळे मिटून सांगाल : अहवालवाचन! पाहुण्यांची ओळख झालेली असते, हार-नारळ झालेले असतात, आता पडदा वर जाऊन नाच सुरू होणार म्हणून आपण सरसावून बसतो आणि तेवढ्यात एक सर हातात आठ-दहा कागद घेऊन माईकपाशी येतात. ‘सरत्या शैक्षणिक वर्षात आपल्या प्रशालेने...’ झालं! मागच्या रांगेत चुळबूळ, मधल्या रांगेत कुजबुज आणि विंगेत तोंडाला रंग लावून उभ्या असलेल्यांची नुसती घालमेल.

आज त्या कंटाळवाण्या कागदांबद्दलच थोडं बोलू या. फक्त शाळेच्या नाही, विद्यापीठाच्या. आणि त्यातही अशा एका खात्याच्या, ज्याचा पेपर काढण्याशी किंवा मार्क देण्याशी काही संबंध नसतो. कॉलेजात आलेल्या मुलामुलींना राहायला जागा मिळाली का, फीची सोय झाली का, कुणी त्रास देत नाही ना, अभ्यासाखेरीज काही करून दाखवायची संधी मिळाली का, हे बघणारं हे खातं. वर्ष संपलं की तेही आपला अहवाल लिहितं. तुमच्यातले पुष्कळजण दोन-चार वर्षांत कॉलेजात जाणार. तेव्हा या खात्याची ओळख आत्ताच झालेली बरी!

नाव काय, पत्ता काय?

रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १८५७ सालचं. रत्नागिरी शहरातलं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ साली सुरू झालं. त्याआधी मॅट्रिक झालेल्या इथल्या मुलाला पुढे शिकायचं तर बोटीनं मुंबई गाठावी लागे, नाहीतर घाट चढून पुण्या-कोल्हापूरकडे जावं लागे.

कॉलेज गावात आलं, पण विद्यापीठ राहिलं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब. एखाद्या कागदासाठी मुंबईला जायचं म्हणजे दोन दिवस मोडणार आणि भाड्याचे पैसे जाणार ते वेगळेच. म्हणून विद्यापीठानं रत्नागिरीत आपलं उपकेंद्र उघडलं. ते मिरजोळ्याच्या एमआयडीसी परिसरात आहे.

आता आपलं खातं. पूर्वी त्याला ‘विद्यार्थी कल्याण’ म्हणत. महाराष्ट्राचा २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला आणि नाव झालं ‘विद्यार्थी विकास’. तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? थोडं आहे. कल्याण दुसरा कुणीतरी आपलं करतो. विकास व्हायचा तर आपल्यालाही हातपाय हलवावे लागतात! विद्यापीठात या कामासाठी एक मंडळ असतं, एक संचालक असतात आणि कॉलेजात हे काम बघणारे प्राध्यापक असतात. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात कँटीन कुठे आहे हे सगळेच शोधून काढतात. हे प्राध्यापक कोण आणि कुठे बसतात, हे मात्र फार थोडे विचारतात.

पहिला नंबर, आणि पुढे?

कोकणातल्या पोरांना शाबासकी द्यायलाच हवी. रत्नागिरीला बोर्डाचं कोकण विभागीय मंडळ झालं आणि तेव्हापासून निकालाच्या दिवशी कोकणचा पहिला नंबर जणू ठरूनच गेला. २०२४ साली दहावीचा कोकणचा निकाल होता ९९.०१ टक्के, बारावीचा ९७.५१ टक्के. २०२५ साली दहावीचा ९८.८२ आणि बारावीचा ९६.७४ टक्के. म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातले दोन-तीनच काय ते मागे राहिले!

आता दुसरा आकडा बघा. केंद्र सरकारनं २०२१-२२ या वर्षासाठी उच्च शिक्षणाची पाहणी केली. त्यात महाराष्ट्रात १८ ते २३ वयाच्या शंभर तरुणांमागे साधारण ३५ जण कॉलेजात असल्याचं दिसलं. सगळ्या देशाचा आकडा साधारण २८ होता. म्हणजे आपण देशाच्या पुढे आहोत, ही चांगली गोष्ट. पण उरलेले पासष्ट?

हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. पहिला कोकणचा, दुसरा अख्ख्या राज्याचा. पहिला परीक्षेला बसलेल्यांचा, दुसरा त्या वयाच्या सगळ्यांचा. तेव्हा ९७ मधून ३५ वजा करून मोकळं होऊ नका, गणिताचे सर कान धरतील! पण एवढं खरं की पास होणं आणि पुढे शिकत राहणं यांच्यात बरंच अंतर आहे. त्या अंतरात असतं तरी काय?

समजा, राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवरची मुलगी आहे. बारावीला तिला ७८ टक्के मिळाले. घरी पेढे वाटले गेले. पुढे सायन्सला रत्नागिरीत जायचं ठरलं. आता यादी करू या. वाडीवरून एसटीच्या थांब्यापर्यंत पाऊण तास चालणं. रोज जाऊन-येऊन करायचं तर सकाळची गाडी पहाटे आणि संध्याकाळची चुकली तर मुक्काम! म्हणून रत्नागिरीत खोली बघायची. खोलीचं भाडं, त्याचं डिपॉझिट, खानावळ. कॉलेजची फी. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं खातं आणि ते आधारला जोडलेलं. फॉर्म भरायचा महाडीबीटीच्या पोर्टलवर आणि वाडीत तर रेंज मिळते आंब्याच्या झाडाखाली!

एवढं सगळं पार करून ती वर्गात येऊन बसते. शाळेत पहिल्या बाकावरची मुलगी. इथे सगळं इंग्रजीतून. प्रश्न विचारायला हात वर होत नाही. खोलीवर गेल्यावर बोलायला कुणी नाही. घरी फोन केला की आई विचारते, ‘बरी आहेस ना गो?’ ती म्हणते, ‘बरी आहे.’

अशी मुलगी एका दिवसात कॉलेज सोडत नाही. आधी एक तास बुडतो, मग एक दिवस, मग एक चाचणी. गणपतीला गावी गेली की आणखी चार दिवस राहते. दिवाळीनंतर तिची जागा रिकामी दिसते आणि शेजारची म्हणते, ‘ती ना, येत नाही आता.’ बस्स. कुठे घंटा वाजत नाही की नोटीस लागत नाही. याला म्हणतात गळती. घरात नळ गळतो तशी, थेंबाथेंबानं.

विद्यार्थी विकासाचं काम आहे ते हा नळ वेळेवर बंद करण्याचं.

खातं नव्हतं तेव्हा

असं खातं नव्हतं तेव्हा काय होत असेल? त्याचं उत्तर रत्नागिरी जिल्ह्याशी नातं असलेल्या तीन माणसांच्या आयुष्यात सापडतं.

पहिले महर्षी धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८ सालचा, घर दापोलीजवळच्या मुरुडला. सतरा वर्षांचे असताना त्यांना सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं. पावसाळ्यामुळे मुंबईच्या बोटी बंद. दुसरं केंद्र साताऱ्याला. धोंडू आणि त्याचे सोबती पाठीवर ओझं घेऊन पावसातून, घाट चढून चालत निघाले. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटर! साताऱ्याला पोचले, तर परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, ‘हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही.’ वयाचा दाखला असूनही त्याला बसू दिलं नाही. आला तसा परत.

त्या दिवशी ‘तक्रार कुठे करायची?’ असं विचारायची सोयच नव्हती. पण हा मुलगा पुढे शिकलाच आणि त्यानं दुसऱ्यांसाठी दारं उघडली. नात्यातल्या एका हुशार मुलाला कर्व्यांनी शिकण्यासाठी आधार दिला. तो मुलगा म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन ‘सीनियर रँग्लर’ झालेला पहिला भारतीय! १९१६ साली कर्व्यांनी महिलांसाठी विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ती वेळेवर मिळाली नसती तर बुद्धी कितीही असून ती बोट चुकलीच असती. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांनाही शिकता यायला हवं. वेळापत्रकातला एवढासा बदल, पण कितीतरी जणांसाठी कॉलेजचा दरवाजा त्यामुळे उघडला!

तिसरे सानेगुरुजी. दापोली तालुक्यातल्या पालगडचे. ‘श्यामची आई’ तुम्ही वाचलंच असेल. गुरुजी १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाची, म्हणजे वसतिगृहाची, देखभाल त्यांच्याकडे आली. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांसाठी ते चक्क एक दैनिक काढत. छापील नव्हे, स्वतःच्या हातानं लिहिलेलं! नाव ‘छात्रालय’. रात्री लिहायचं आणि सकाळी मुलांनी वाचायचं. आपल्यासाठी कुणीतरी जागून लिहितं आहे, एवढं कळलं तरी घरची आठवण काढून रडणाऱ्या मुलाला किती बरं वाटत असेल!

हाताला धरून शिकवणं, पैसा, वेळेची सोय, मायेचा शब्द. आजच्या खात्याची सगळी कामं या तिघांच्या गोष्टींत आलीच की! फरक एवढाच की तेव्हा असा माणूस भेटणं नशिबावर होतं. खातं असतं ते नशिबावर सोडायला लागू नये म्हणून.

जून ते मार्च

आता वर्षभरात हे काम कसं चालतं ते बघू.

प्रवेश झाला की पहिली गडबड पैशांची. एसटीचा विद्यार्थी पास काढला तर तिकिटाचा साधारण एक तृतीयांशच भार पडतो. बारावीपर्यंतच्या मुलींना तर पास फुकट. शिष्यवृत्त्या महाडीबीटीवर. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी ‘स्वाधार’ योजना आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आणखी एक निर्णय घेतला : वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. योजना पुष्कळ, पण एक दाखला कमी पडला तर सगळं अडतं. तिथे कॉलेजातल्या माणसानं ‘उद्या ये’ म्हणण्याऐवजी ‘बस, बघू’ म्हटलं की निम्मं काम झालं.

काही ठिकाणी ‘कमवा आणि शिका’ असते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात रोज थोडा वेळ काम करायचं आणि त्याचे पैसे मिळवायचे. ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांची. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज. तिथे मुलं श्रम करून शिकली. यात कमीपणा कसला? आपल्या घामानं भरलेली फी कुणाला सांगायला लाज वाटायचं कारणच नाही.

पावसाळ्यात येतो युवा महोत्सव. मुंबई विद्यापीठाच्या या महोत्सवानं पन्नाशी कधीच ओलांडली. एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, समूहगान, लोकनृत्य, वक्तृत्व, रांगोळी, व्यंगचित्र, काय नाही त्यात! आधी विभागाच्या फेऱ्या, त्यातून निवडलेले अंतिम फेरीला. पुढे राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव. वर्गात हात वर न करणारी आपली राजापूरची मुलगी नमनाच्या खेळातली गाणी झकास म्हणत असेल, तर तिला तिच्या आवाजानं ओळखणारे शंभरजण इथे मिळतात. आणि जिला शंभरजण ओळखतात, तिची रिकामी जागा लगेच कुणाच्या तरी लक्षात येते!

२४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि गावात सात दिवसांचं शिबिर. बंधारे घालायचे, झाडं लावायची, रक्तदानाला माणसं जमवायची. ‘आव्हान’ नावाच्या शिबिरात संकटाच्या वेळी काय करायचं त्याचं शिक्षण मिळतं. कोकणात त्याचं मोल वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला महापूर आला, तेव्हा घराघरांतून भरलेला चिखल उपसायला किती हात लागले ते तुम्हाला आठवत असेल.

आणि तक्रारी? त्यांचंही बघायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि तिनं १५ कामाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायला हवा. तिथे समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. रॅगिंगला तर महाराष्ट्रात १९९९ पासून कायद्यानं बंदी आहे. गंमत म्हणून केलं, असं सांगून सुटका होत नाही. दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. साताऱ्याहून मुकाट परत फिरलेल्या धोंडूला यातलं काही मिळालं नव्हतं. तुम्हाला आहे. वापरायचं धैर्य तेवढं हवं.

अहवाल वाचायचा कसा?

वर्ष संपतं. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल अधिसभेपुढे येतो. कॉलेजंही आपले अहवाल लिहितात. ‘नॅक’ या संस्थेसाठी कॉलेजं जे वार्षिक अहवाल देत आली, त्यांत सात निकष असत. त्यातला पाचवा आपल्या कामाचा : विद्यार्थ्यांना मिळालेलं साहाय्य आणि त्यांची प्रगती. शिष्यवृत्ती किती जणांना, बक्षिसं किती, कार्यक्रम किती, असे आकडे त्यात सापडतात. पुष्कळ कॉलेजांच्या संकेतस्थळावर ते वाचायला मिळतात.

आता एक छोटं गणित. समजा, ‘अ’ कॉलेजनं वर्षात ४० व्याख्यानं आणि १२ शिबिरं घेतली. ‘ब’ कॉलेजनं १५ व्याख्यानं आणि ५ शिबिरं. कुणाचं काम जास्त? घाई करू नका. ‘अ’ मध्ये पहिल्या वर्षाला २०० मुलं होती, दुसऱ्या वर्षाला आली १४०. ‘ब’ मध्येही २०० होती, दुसऱ्या वर्षाला आली १८०. आता सांगा!

इथेही थांबू नका. ‘अ’ मधली ६० गेली कुठे? त्यांतल्या पन्नासजणांना इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला प्रवेश मिळाला असेल तर आनंदच आहे. पण ती घरी बसली असतील, कुणाचं लग्न लावून दिलं असेल, कुणी फीपायी कामाला लागलं असेल, तर चाळीस व्याख्यानांचा उपयोग काय? ‘गेलेली मुलं कुठे गेली?’ हा प्रश्न ज्या अहवालात विचारलेला असेल, तो अहवाल लिहिणाऱ्यांनी मनापासून काम केलं असं खुशाल समजा.

एक आकडा मात्र कुठल्याच अहवालात मिळणार नाही. कॉलेज सोडायचं जवळजवळ ठरलं होतं, पण कुणी वेळेवर फॉर्म भरून दिला, कुणी रिकाम्या जागेकडे बघून फोन केला, कुणी ‘चल, नाटकात काम करायचंय’ म्हणून ओढून नेलं आणि ती मुलगी राहिली, अशा किती? ती कागदावर इतर सगळ्यांसारखीच ‘उत्तीर्ण’ दिसते. तिला वाचवल्याची नोंद होत नाही.

म्हणूनच हे काम फक्त खात्यावर सोडून चालायचं नाही. संचालक मुंबईत असतात, प्राध्यापकांपुढे शेकडो चेहरे असतात. शेजारच्या बाकावर मात्र तुम्हीच असता! आणि त्यासाठी कॉलेजात जाईपर्यंत थांबायचं कारण नाही. उद्या वर्गात गेलात की एकदा नजर फिरवा. तीन-चार दिवस कुणाची जागा रिकामी आहे का? असेल तर संध्याकाळी त्याच्या घरावरून चक्कर मारा. हातात गणिताची वही असू द्या, म्हणजे काय निमित्त सांगायचं हा प्रश्न पडणार नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा

मन फार उदास झालं, कुणाशी बोलता येत नसेल, तर टेलिमानस : १४४१६. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीतूनही बोलता येतं.

कॉलेजात रॅगिंगचा त्रास झाला तर : १८००-१८०-५५२२.

प्रवेश घेताना विचारायचे तीन प्रश्न : विद्यार्थी विकासाचं काम कोण बघतं? शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख कुठली? तक्रार निवारण समितीत कोण आहे?

आणि पुढच्या स्नेहसंमेलनात अहवालवाचन सुरू झालं की चुळबूळ थोडी कमी करा. गेल्या वर्षी तुमच्याबरोबर असलेली सगळी मुलं त्या अहवालात आहेत का, तेवढं कान देऊन ऐका!